यंदाच्या झाडाला वास नाही

झाडाला वास नव्हता. आर्लीनने उजव्या हाताचा मोजा काढून फांदीच्या टोकाची चारदोन हिरवी पानं अंगठ्याखाली चुरडली आणि बोटं नाकाशी नेली. सुईसारखी पानं, चुरडली की चिकट होतात. बोटं चिकट झाली, गार झाली, आणि बस्स. तिनं पुन्हा चुरडलं, जरा रागानंच. मग शेजारच्या झाडाची पानं, मग त्याच्या पलीकडच्या झाडाची. चर्चच्या लोखंडी कुंपणाला टेकून झाडं ओळीनं उभी होती, काही मोकळी, काही जाळीत आवळलेली, गर्दीत अंग चोरून उभ्या राहिलेल्या माणसांसारखी. वर दिव्यांची माळ, खाली फुटपाथवर सांडलेला हिरवा चुरा, पलीकडे थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरून जाणाऱ्या बसेस. सगळं दरवर्षीचंच. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली की मार्सेल कॅनडातून ट्रक भरून झाडं आणायचा आणि नाताळपर्यंत ब्रुकलिनच्या या कोपऱ्यावर फळ्या ठोकून केलेल्या खोपटात राहायचा. आणि दरवर्षी आर्लीन कोपरा वळायच्या आधीच, बँकेच्या दारापाशी असतानाच, तो वास पुढे येऊन तिला भेटायचा. आज ती बँक ओलांडून, खोपट ओलांडून, थेट झाडात नाक खुपसून उभी होती आणि कुणी भेटायला आलं नव्हतं.

"मार्सेल, मला काय नवखी समजलास?" ती म्हणाली. "ही गेल्या महिन्यात तोडलेली झाडं दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मार."

"गेल्या महिन्यातली?" मार्सेलनं कानटोपी वर सरकवली. "मॅडम, सोमवारी तोडलंय हे. माझ्या मेव्हण्यानं तोडलं आणि मी शिव्या देत उचललं. बघा, बुंध्याला अजून बर्फ आहे."

"मग वास कुठाय?"

"वास?"

"वास, वास! नाकानं घेतात तो. हॅरल्ड असता तर तुला ट्रकसकट परत पाठवलं असतं."

"हॅरल्डसाहेब असते तर आधी वर नेऊन कॉफी पाजली असती, मग पाठवलं असतं," मार्सेल म्हणाला. पण त्याला ते लागलं असावं, कारण त्यानं करवत घेतली, झाड आडवं केलं आणि बुंध्याची पातळशी चकती कापून तिच्या हातावर ठेवली. "घ्या. आता बोला."

पांढरीस्वच्छ, ओली चकती. कडेनं राळेचे थेंब फुटून वर येत होते, एकेक, सावकाश. आर्लीनने ती दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. नाकात थंडी शिरली. पार कपाळापर्यंत नुसती थंडी.

"आजकालच्या झाडांना वासच राहिला नाही बघ," ती म्हणाली.

आणि म्हणता म्हणता थांबली. शब्द तिच्या तोंडून निघाले होते, आवाज तिचाच होता, पण ते वाक्य तिचं नव्हतं. ते तिनं कुठं ऐकलं होतं ते तिला माहीत होतं. कोणत्या खुर्चीतून, कोणत्या निळ्या स्वेटरमधून, ते सुद्धा.

मागे बाबागाडी घेऊन एक तरुण बाई आपला नंबर यायची वाट पाहत उभी होती. ती हसून म्हणाली, "अहो आजी, काय बोलता! मी बसमधून उतरले तर एकदम वास आला. दूध आणायचं सोडून इकडेच वळले."

"आला, आला," आर्लीन घाईघाईनं म्हणाली. "आत्ता आला बघा. थंडीनं नाक बसलंय माझं." तिनं चकती कोटाच्या खिशात टाकली, जणू ती कुणी पाहू नये. मार्सेल तिच्याकडे पाहत होता. पावलांनी ओळखीच्या जिन्यावर एक पायरी चुकावी तसं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"कोणतं देऊ मॅडम?"

"हे. हेच."

"हे जरा पसरट आहे. तुम्हाला नेहमी—"

"हेच दे म्हटलं ना!"

नेहमी तिला कसं झाड लागतं हे मार्सेलला पाठ होतं: तिघांचे हात पोचतील असं. आर्लीनच्या घरी तिच्या आईनं नॉर्वेहून आणलेली रीत होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी झाड भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणायचं, सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून त्याच्याभोवती कडं करायचं आणि गाणी म्हणत फिरायचं. तिच्या लहानपणी बे रिजच्या या गल्ल्यांत नॉर्वेचीच माणसं भरली होती. त्या संध्याकाळी रस्त्यावरून चालत गेलं तर पडद्याआड घरोघर सावल्या गोल फिरताना दिसत. त्यांच्याकडे तेव्हा दोन कडी व्हायची, आतलं मुलांचं, बाहेरचं मोठ्यांचं, एक उजवीकडे जाणार, एक डावीकडे, आणि झाडाचा शेंडा छताला टेकून वाकलेला असायचा. मग मोठी माणसं गेली, भाऊ फ्लोरिडाला उन्हात जाऊन बसले, कडं एकच राहिलं. कडं आखडत गेलं तसं झाडही बारीक घ्यावं लागलं. नवरा, हॅरल्ड, गेला आणि उरली तिघं, ती स्वतः, मुलगी जॅनेट आणि जावई व्हिन्स, जो तिला अजून 'मिसेस टी'च म्हणायचा. त्या पहिल्या वर्षी तिनं सवयीनं जुन्या मापाचं झाड आणलं, तर हात पोचेनात. व्हिन्सच्या आणि जॅनेटच्या बोटांत वीतभर अंतर राहिलं. तेव्हा व्हिन्सनं गळ्यातला मफलर काढून एक टोक बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाला, हा घ्या, हा आमचा बिनपगारी पाहुणा. तिघं हसत हसत फिरली होती. त्यानंतर मात्र आर्लीन मापात झाड घेऊ लागली, दुकानात पोराला सदरा लावून बघावा तशी मार्सेलला झाडापुढे उभं करून, त्याचे हात पसरून.

आज तिनं मार्सेलचे हात बघितलेच नव्हते.

त्यानंच झाड खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आणलं. दरवर्षीचा करार होता, न बोललेला. तो झाड वर आणून पाण्याच्या बैठकीत घट्ट बसवून देणार, आणि नाताळपर्यंत तिच्या न्हाणीघराची दारं त्याला उघडी. खोपटात राहणाऱ्या माणसाला गरम पाण्याची किंमत काय असते हे हॅरल्डला कळायचं. गोदीवर सुतारकाम करून त्याची बोटं अशीच फुटायची. मार्सेल बाहेरच्या खोलीत जमिनीवर पालथा पडून बैठकीचे स्क्रू पिळत होता आणि ती स्वयंपाकघरात त्याच्यासाठी कॉफी करत, भट्टीत पाव गरम करायला ठेवून, भट्टीसमोरच उभी होती. उभी राहून ती खिडकीतून पुलाचे दिवे पाहत होती आणि म्हणत होती, सर्दी. सर्दीच. गेल्या आठवड्यात दोनदा शिंकले.

"मॅडम," बाहेरून मार्सेल ओरडला, "काही करपतंय का हो?"

तिनं भट्टी उघडली तर तोंडावर धूर आला. डोळ्यांत झोंबला, घशात गेला, ती खोकली. धूर होता. धुराला वास नव्हता. मार्सेल आत आला, तिच्या बाजूनं हात घालून त्यानं बटण बंद केलं, खिडकी वर ढकलली आणि काळ्या झालेल्या पावांकडे बघत म्हणाला, "मला असेच आवडतात. आमच्याकडे आई असेच करते." आणि त्यानं खरंच एक उचलून खाल्ला. त्याच्या त्या खाण्यानं तिला जास्त भीती वाटली.

तो गेल्यावर तिनं फडताळ उघडलं. आधी कॉफीचा डबा. मग व्हिनेगर. मग दालचिनी. प्रत्येकाच्या तोंडाशी नाक नेताना ती क्षणभर थांबायची, जसं दार ठोठावून आतल्या पावलांची चाहूल घ्यावी. न्हाणीघरातून हॅरल्डचं दाढीनंतर लावायचं लोशन आणलं. तळाशी उरलेलं बोटभर संपू नये म्हणून तिनं ते इतकी वर्षं उघडलं नव्हतं. उघडलं. गालाला लावलं. गार लागलं. विक्सची डबी उघडली तेव्हा नाकात काहीतरी चरचरलं आणि ती आनंदानं जवळजवळ ओरडलीच, पण तो झोंबण्याचा गारवा होता, वास नव्हता. शेवटी वेलदोड्याची बरणी. तिची आई, राग्ना, नाताळच्या महिन्यात वेलदोडे कुटायला बसली की जिन्यातून वर येणारा पोस्टमन म्हणायचा, बाई, तुमच्या मजल्यावर आलं की पाय आपोआप हळू होतात. आर्लीनने एक वेलदोडा दातांखाली फोडला. जिभेला जरा तिखट, जरा कडू लागलं, लाकडाची ढलपी चघळावी तसं. तिला वाटलं, हे सगळं आजचं नाही. हे केव्हापासून चाललंय? माणूस जातो तेव्हा निदान तारीख राहते.

आणि मग ऑक्टोबर आठवला. चहाचं पाणी उतू जाऊन बर्नर विझला होता, गॅस तसाच चालू होता, आणि ती तिथंच टेबलाशी बसून सफरचंदं सोलत होती. दोन मजले खालच्या हद्दादनं येऊन दार बडवलं, आत धावत येऊन बटण फिरवलं. म्हणाला, मॅडम, जिनाभर वास सुटलाय, मी बायकोमुलांना रस्त्यावर उभं करून आलोय! जॅनेट त्याच संध्याकाळी न्यू जर्सीहून आली. "ममा, एवढा वास आला आणि तुला कळलं नाही?" "डोळा लागला होता गं." तेव्हा ते खोटं आहे असंसुद्धा तिला वाटलं नव्हतं. न कळण्याला दुसरं काय कारण असणार? मग भांडी विसळता विसळता जॅनेट पाठमोरीच म्हणाली, "आमच्या घराजवळ ती जागा आहे ना, तिथं जानेवारीत एक खोली रिकामी होतेय. मी आज काही म्हणत नाही. पण अजून एकदा असं काही झालं, ममा, तर मग आपण चर्चा करणार नाही. तुझं सामान बांधणार."

म्हाताऱ्या माणसांना ठेवायच्या त्या जागेत आर्लीन एकदा जाऊन आली होती. गालिचे, मासे पोहणारी काचेची पेटी, हसतमुख पोरी, आणि दिवाणखान्यात बारा महिने उभं असलेलं प्लॅस्टिकचं झाड, ज्याला ईस्टरला अंडी लटकवायची आणि नाताळात घंटा. अशाच एका जागेत तिची आई गेली होती.

राग्नाचं सगळं त्या वाक्यापासून सुरू झालं होतं. निळ्या स्वेटरात खुर्चीवर बसून, झाडाकडे नापसंतीनं पाहत, एका नाताळात ती म्हणाली, आजकालच्या झाडांना वासच राहिला नाही. कुणी लक्ष दिलं नाही. म्हातारी माणसं म्हणतातच, लोणी पूर्वीचं राहिलं नाही, बर्फ पूर्वीचा राहिला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा म्हणाली. तिसऱ्या वर्षी तर हॅरल्ड ती म्हणायच्या आधीच, खुर्चीत आखडून बसून, तिचा आवाज काढून ते म्हणाला आणि पंधरा वर्षांची जॅनेट हसून हसून गालिच्यावर लोळली. राग्नाही हसली. तेव्हापासून ते घरात 'आजीचं वाक्य' झालं. शिळ्या पावाला, रंग उडालेल्या पडद्याला, मरगळलेल्या शेजाऱ्याला, कशालाही ते लावायचे. मग राग्ना मिठाऐवजी साखर घालू लागली. मग चुलीवर रिकामं भांडं ठेवून विसरू लागली. मग एका सकाळी ती सपाता घालून धक्क्यावर उभी सापडली, स्टेटन आयलंडला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत. ती बोट बंद पडून तेव्हा वीस वर्षं होत आली होती. डॉक्टर म्हणाले होते, या विसरायच्या आजारात पुष्कळदा आधी नाक जातं, मग बाकीचं. घरात कुणाच्या लक्षात येत नाही. शेवटच्या नाताळात आर्लीन आणि जॅनेट तिला त्या जागी भेटायला गेल्या तर ती दिवाणखान्यातल्या प्लॅस्टिकच्या झाडाला बिलगून उभी होती. तिनं त्यात तोंड खुपसलं होतं. वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा असा उजळलेला की आर्लीनने तो आधी फक्त फोटोत, राग्नाच्या लग्नाच्या फोटोत, पाहिला होता. "हे," राग्ना म्हणाली, "हे खरं झाड. किती वर्षांनी आला गं वास!"

त्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. आजीचं वाक्य त्यानंतर घरात कुणी म्हटलं नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही.

म्हणून आता एवढंच करायचं होतं: ते वाक्य म्हणायचं नाही. आर्लीनने स्वतःला असं सांगितलं आणि मग तिच्या लक्षात आलं, एवढंच पुरणार नाही. न म्हणणं सोपं, म्हणणं कठीण. योग्य वेळी, योग्य तेवढं, 'वा, काय छान वास!' म्हणणं. आंधळ्या माणसानं खोलीतल्या खुर्च्या पाठ कराव्यात तशी ती घर पाठ करू लागली. भट्टी लावली की कोंबडीच्या आकाराचं टिकटिक घड्याळ पिळून एप्रनच्या खिशात टाकायची. दूध विकत आणलं की त्याच दिवशी संपवायची. गॅसचं बटण बोटांनी चाचपायची, दर थोड्या वेळानं, येता जाता, मग झोपेतून उठून. चर्चमध्ये मेणबत्त्या विझवल्या की शेजारणीच्या नाकपुड्यांकडे बघायची. त्या हलल्या की आपलंही नाक किंचित वर करायची. डॉक्टरकडे जावं असं तिच्या मनात आलं. पण डॉक्टर जॅनेटला फोन करणार. तसं ठरलेलंच होतं, तिनंच सही केली होती, तिच्याच भल्यासाठी. भल्याच्या दोऱ्या चारी बाजूंनी बांधून झाल्या होत्या आणि मधोमध ती, जाळीतल्या झाडासारखी.

झाड मात्र पाणी पीत होतं. रोज सकाळी ती बैठकीत तांब्याभर ओतायची आणि संध्याकाळी ते संपलेलं असायचं. दुपारी ती त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसायची. कागदी झेंड्यांची माळ, राग्नानं विणलेल्या गवताच्या बकऱ्या, जॅनेटनं बालवाडीत केलेला कणकेचा तारा, ज्याची दोन टोकं उंदरानं खाल्लेली. सगळं जागच्या जागी होतं. डोळ्यांना ते झाड होतं, हातांना झाड होतं. तरी काचेच्या पलीकडे असल्यासारखं. तिला वाटायचं, आपण इतकी वर्षं हे सगळं आठवत होतो ते नाकानंच. आता बसून आठवायला गेलं की नुसती चित्रं यायची, आणि चित्रं कुणाचीही असू शकतात. हॅरल्डच्या कोटाची बाही गालाला लागली होती हे पूर्वी आठवलं की त्या बाहीचा लाकडाच्या भुशाचा, तंबाखूचा, ओल्या लोकरीचा जो वास होता तोही यायचा, आणि त्याच्या आत हॅरल्ड. आता बाही रिकामी होती.

नाताळच्या आदल्या दिवशी तिनं क्रुमकाके केले. लोखंडी साच्यात पातळ पीठ भाजायचं आणि गरम असतानाच लाकडी शंकूवर गुंडाळून सुरळ्या करायच्या, आईचाच साचा, आईचंच माप. भाजणं ती रंगावरून ओळखत होती, ते जमलं. वेलदोड्याची पूड मात्र तिनं घातली, चाखलं, काही लागेना. अजून घातली, अजून. मग हातच थांबेना.

जॅनेट संध्याकाळी आली, एकटीच, हातात पिशव्या. व्हिन्स गाडी लावायला जागा शोधत होता. "चौथी फेरी मारतोय," ती म्हणाली. "नाताळ संपेपर्यंत सापडेल. थंडी काय आहे गं!" तिनं आईला जवळ घेतलं, कोट खुर्चीवर टाकला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. आर्लीन मागोमाग गेली. जॅनेट भट्टीकडे पाहत नव्हती, बटणांकडे पाहत नव्हती. ताटातली सुरळी उचलून कुरुमकुरुम खात उभी होती, लहानपणी उभी राहायची तशी, हनुवटीखाली ओंजळ धरून. "छान झालेत," म्हणाली. दुसरी उचलली. "अगदी नेहमीसारखे. या बाबतीत तुझा हात कुणी धरणार नाही." आर्लीनच्या अंगातून इतका वेळ धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं.

त्या दोघी बाहेर आल्या. दिवे लागले होते. जॅनेट झाडाजवळ गेली, तिनं कणकेचा तारा बोटानं हलवला, हसली. मग वाकून एक फांदी चेहऱ्याशी ओढली. ती तशीच राहिली, जरा जास्त वेळ. तिची पाठ आर्लीनकडे होती. सत्तावन्न वर्षांची पाठ, खांदे हॅरल्डचे, मान राग्नाची.

"यंदाच्या झाडाला वासच नाहीये," जॅनेट म्हणाली. "नाही गं ममा?"

खोलीत रेडिएटर ठकठकला. आर्लीनला पहिल्यांदा वाटलं ते असं: सापळा. हिला कळलंय. मार्सेलनं सांगितलं असेल, हद्दादनं सांगितलं असेल, आणि ही आजीचंच वाक्य पुढे करून आपली परीक्षा घेतेय. पोरगी पहिल्यापासून हुशार. आता म्हणायचं, छे गं, घर दरवळतंय की! ठरवून, पाठ करून ठेवलं होतं तेच. म्हटलं की सुटलो. जानेवारी निघून जाईल, ही खिडकी, हा साचा, ही खुर्ची जागच्या जागी राहील. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण जॅनेट वळली नव्हती. सापळा लावणारा माणूस वळून बघतो. जॅनेटची बोटं फांदीवरची पानं चुरडत होती. एकदा, पुन्हा एकदा, जरा रागानं. ती बोटं नाकाशी गेली. खाली आली. पुन्हा गेली.

तो राग आर्लीनला ओळखीचा होता.

आणि मग तिला दुसरं काही सुचेना. 'दरवळतंय की' म्हटलं तर घर राहील, आणि ही उद्या गाडीत बसून घरी जाईल, कॉफीचा डबा उघडेल, व्हिनेगर उघडेल, विक्स उघडेल. आपण पुढे होतो, हिला आपल्यामागे यायला अजून पुष्कळ वर्षं होती. आईचा वास गेला तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. हिला अजून दहा वर्षं होती, निदान दहा. कुणाकडे मागायची ती? कोपऱ्यावर उभ्या असलेल्या परक्या बाईनं आपल्याला सांगितलं. हिला आपण सांगायचं? आपण, आईनं?

"नाही ना," आर्लीन म्हणाली. तिचा आवाज अगदी सहज आला, तिलाच नवल वाटलं. "मीही मार्सेलला तेच म्हटलं. आजकालच्या झाडांना वासच राहिला नाही."

जॅनेट वळली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आलं ते सुख होतं, उघडं, लहान मुलासारखं. एकटीच नाही, झाडच तसं आहे. मग ते थांबलं. ते वाक्य तिनं ऐकलं होतं, ते कुणाचं ते तिला आठवलं, आणि ती आईकडे बघू लागली. ऑक्टोबर तिच्या डोळ्यांत येताना आर्लीनला दिसला. आता म्हणेल. सामान बांधू म्हणेल. आर्लीनने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

दार धाडकन उघडलं. व्हिन्स, नाक लाल, टोपीवर बर्फ, दोन्ही हातांत खोकी. "सापडली! हॉस्पिटलच्या पलीकडे, सापडली एकदाची! अहाहा, मिसेस टी, काय घमघमाट सुटलाय हो झाडाचा! खालच्या मजल्यावरच कळलं मला. जंगलात आल्यासारखं वाटतंय."

आई आणि मुलगी एकमेकींकडे बघत राहिल्या. आर्लीनने पाहिलं, जॅनेटनं चेहरा कसा गोळा केला, पडलेली पिशवी झटकन उचलून छातीशी धरावी तसा. तिनं स्वतः कोपऱ्यावर केला होता अगदी तसाच.

"हो ना?" जॅनेट म्हणाली. "आत्ता आम्ही तेच म्हणत होतो."

"असं झाड मार्सेलच देऊ जाणे," म्हणत व्हिन्स स्वयंपाकघरात गेला आणि तिथून त्याच्या खोकण्याचा आवाज आला. "बाप रे! मिसेस टी! वेलदोड्याचं पोतं उलटं झालं काय? जॅन, खाऊन बघितलंस तू हे?"

"बघितलं," जॅनेट म्हणाली. "मला आवडले."

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात अजून चुरा होता. आर्लीनला तो पुसावासा वाटला. तिनं पुसला नाही.

मग व्हिन्सनं झाड ओढून खोलीच्या मधोमध आणलं, आणि तिघं हात पसरून उभी राहिली. व्हिन्सचा एक हात आर्लीनच्या हातात, दुसरा जॅनेटच्या. पण झाड पसरट होतं. दुसऱ्या बाजूला आई आणि मुलगी दोघी फांद्यांत खांदे दाबून, बोटं ताणून एकमेकींकडे नेत होत्या आणि बोटं पोचत नव्हती. "यंदा माप चुकलं वाटतं," व्हिन्स म्हणाला. "काही हरकत नाही, आपला बिनपगारी पाहुणा आहे ना!" त्यानं मफलर काढून झाडावरून फेकला. जॅनेटनं एक टोक पकडलं. आर्लीनने दुसरं.

व्हिन्सनं गाणं सुरू केलं, ज्यातला एकही शब्द त्याला कळत नव्हता, आणि ती फिरू लागली. झेंडे, बकऱ्या, मोडका तारा डोळ्यांसमोरून जात होते. फांद्यांमुळे जॅनेटचा चेहरा दिसत नव्हता. आवाज येत होता, गाण्यात जरा मागे पडणारा. मफलर मध्येच सैल व्हायचा, मध्येच ताणला जायचा. मग एकदम तो असा ओढला गेला, की आर्लीन पुढे झुकली. रस्ता ओलांडताना मुलं ओढतात तसं. तिनं आपलं टोक मनगटाभोवती एक वेढा देऊन घट्ट धरलं आणि ती फिरत राहिली. तिला याहून दुसरं काही करता येत नव्हतं.